हरभऱ्याच्या झाडावर किती जणांना चढवणार आहेस?

'एक नंबर, भावा! डोळ्यात पाणी आणलंस.' हे तू आपली फिल्म दाखवणाऱ्या त्या पोराला म्हणालास. माझ्या देखत म्हणालास. कुठे होतं ते पाणी? मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. फिल्म सुरू झाल्यापासून तुझा अंगठा मोबाइलवर वरखाली चालला होता. आई दार लावून घेते तो प्रसंग कधी आला, कधी गेला, तुला पत्तासुद्धा नाही. आणि टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात तुझ्याच.

याला मी खोटं बोलणं म्हणतो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तुला कळत नाही म्हणून तू असं वागला असतास, तर मी गप्प बसलो असतो. न कळणाऱ्याला रागावून काय उपयोग? पण तुला कळतं. बाहेर टपरीवर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत तू काय काय बोललास, ते ऐकलंय मी. पहिली पाच मिनिटं कापली तरी फिल्मचं काही बिघडत नाही, म्हणालास. संगीत एकदा सुरू झालं ते थांबायचं नावच घेत नाही, त्यामुळे आजी गप्प बसते तेव्हा ती गप्प बसलीय हे कळतच नाही, म्हणालास. नाणे मावळातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी सदाशिव पेठेची भाषा घातलीय, म्हणालास. तिन्ही गोष्टी बरोबर. अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असताना तुला एवढं दिसलं. पूर्ण लक्ष दिलं असतंस तर किती दिसलं असतं?

आणि हे सगळं ज्याच्या कामाचं, तो दहा पावलांवर उभा होता. त्याच्या वाट्याला आलं 'एक नंबर'. टपरीवरच्या चौघांच्या वाट्याला आलं खरं मत. त्या चौघांपैकी एकाने तरी ती फिल्म केली होती का? मग त्यांना सांगून काय मिळवलंस? तू हुशार आहेस एवढं त्यांना दाखवलंस, बस.

तुझी पहिली सबब मला पाठ आहे. 'सर, वडगाव ते केवढं. त्याचे वडील आमच्या आळीतले. उद्या पोटोबाच्या देवळात समोरासमोर येणार. कशाला वाईटपणा घ्यायचा?' भीड भिकेची बहीण, हे तुझ्या आजीने तुला शंभरदा सांगितलं असेल. तू भिडेपोटी गप्प बसतोस आणि भीक त्या पोराच्या पदरी पडते. त्याने तुला फिल्म दाखवली ती नातं जपायला नव्हे. गोड बोलणारे त्याच्या घरी आहेत. मावशी आहे, आत्या आहे, मित्रांचं कोंडाळं आहे. तुला त्याने मुद्दाम बोलावलं, कारण तू सिनेमे बघतोस, त्यांवर बोलतोस, तुझं मत धरलं जातं. तुझ्याकडे तो परीक्षणासाठी आला आणि तू त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून परत पाठवलंस.

पुढे काय होतं, याचा विचार केलास कधी? तो पोरगा तीच फिल्म चार महोत्सवांत पाठवतो. पाच हजार, सहा हजार रुपये प्रवेशशुल्कात घालवतो. नकार येतो. नकारासोबत कारण येत नाही, महोत्सववाले कारण कळवत बसत नाहीत. मग तो ठरवून टाकतो की तिथे सगळी वशिलेबाजी आहे. पुढच्या फिल्ममध्ये पुन्हा तेच संगीत, पुन्हा तीच पाच मिनिटं. तिसऱ्या फिल्मनंतर तो कॅमेरा विकतो आणि जमिनीच्या दलालीला लागतो. 'माझी फिल्म लोकांना फार आवडायची' हे मात्र आयुष्यभर सांगत राहतो. त्याला वेळेवर सांगणारं माणूस होतं. ते टपरीवर चहा पीत होतं.

मावळातच राहतोस ना? मग मळवली स्टेशन तुझ्या रोजच्या रस्त्यावरचं. वडगाव सोडलं की कान्हे, कामशेत आणि मग मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून हलवला तो तिथे. धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या माणसाने त्या छापखान्यासाठी काम केलं. चित्र दगडावर उतरवायचं, रंगांचे थर एकावर एक जुळवायचे, केसभर चुकलं तर ठसा फुकट, अशी ती कला. त्या शिस्तीतून आलेला माणूस पुढे सिनेमाकडे वळला तेव्हा त्याने पहिलं काय केलं? बघितलं. मुंबईत मिळेल तो चित्रपट बघत सुटला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचार घेतले आणि पुन्हा बघायला लागला. तुझ्या डोळ्यांवरही ताण येतो, पण तो मोबाइलचा.

पुढचं ऐक. 1912 साली फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. 'राजा हरिश्चंद्र' करायला पैसा हवा होता आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढत गेलं तसं चौकट चौकट करून टिपलं. 'अंकुराची वाढ'. मिनिटभराची फिल्म. आपल्याकडचा हा एक आद्य लघुपटच. तो त्यांनी मोजक्या माणसांना दाखवला. त्या माणसांनी बघितला, पारखला आणि कर्ज द्यायचं ठरवलं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या मोजक्या प्रेक्षकांनी 'वा फाळके, छान' म्हणून पाठ थोपटली असती आणि घरी गेले असते तर? बघणाऱ्याने आपलं काम चोख केलं, तेव्हा करणाऱ्याला पुढचं पाऊल टाकता आलं. तू त्या बघणाऱ्याच्या जागी बसला आहेस. त्या खुर्चीची जबाबदारी तुला पेलत नसेल तर ऊठ आणि दुसऱ्याला बसू दे.

दुसरी सबब. 'आम्ही कुठले समीक्षक? आम्हाला त्यातलं शास्त्र कुठे कळतं?' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. सुपारीच्या बागांमधलं. तिथे के. व्ही. सुब्बण्णा या माणसाने नीनासम या संस्थेतून गावकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पी. के. नायर तिथे चित्रपट घेऊन जायचे. सतीश बहादूर तिथे रसास्वाद शिकवायचे. बागेत राबणारी माणसं 'पथेर पांचाली' आणि 'राशोमोन'बद्दल बोलायला लागली. त्यांच्याकडे कुठली पदवी होती? त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि जे दिसलं ते सांगितलं. तू पदवीधर. तुझ्या खिशात जगातला कुठलाही सिनेमा. तुला काय धाड भरलीय?

आणि शास्त्रच शिकायचं असेल तर ते तुझ्यापासून किती लांब आहे? लोकलने तासाभरात शिवाजीनगर. तिथून जवळच चित्रपट संग्रहालय, 1964 पासूनचं. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट, 1960 पासूनची. तिथल्या चित्रपट रसास्वाद शिबिराला देशभरातून माणसं येतात. वडगावचा तू एकदा तरी चौकशी केलीस? दर वर्षी पुण्याचा चित्रपट महोत्सव भरतो. तिथे गेलास तेव्हा फिल्म संपल्यावरच्या चर्चेला थांबलास, की बाहेर भिंतीसमोर फोटो काढायला पळालास? अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलंय. त्याला चित्रपटविषयक लेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकेका दृश्यातला प्रकाश, सावली, कॅमेऱ्याची चाल मराठीत कशी मांडायची, ते त्यात आहे. वाचलंस? मग 'कळत नाही' म्हणू नकोस. 'शिकायचं नाही' म्हण. ते निदान खरं तरी होईल.

मघाशी सांगितलेले पी. के. नायर अंधारात बसून वहीत टिपणं काढायचे. देशाचा चित्रपट संग्रह ज्याने उभा केला, हजारो फिल्म ज्याच्या डोळ्यांखालून गेल्या, त्याला वही लागायची. तुला मात्र सगळं लक्षात राहतं. मग सांग, त्या फिल्मचा शेवटचा शॉट काय होता? आठव. सावकाश आठव. येतंय काही?

तिसरी सबब सगळ्यांत लबाड, कारण ती दयेचा बुरखा घालून येते. 'पोरं नवीन आहेत, सर. मोबाइलवर केलीय. पैसा नाही. सांभाळून घ्यायला हवं.' पैसा नसला की डोळेही नसतात, असं तुला वाटतं का? नागराज मंजुळे नगरला शिकत असताना त्याने 'पिस्तुल्या' केली. शाळेची ओढ लागलेला एक पोरगा, पंधरा मिनिटांच्या आसपासची फिल्म. 58व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणासाठी तिची दखल घेतली गेली. उमेश कुलकर्णीची 'गिरणी' विद्यार्थिदशेतलीच. आई संसाराला हातभार म्हणून घरात पिठाची गिरणी आणते आणि त्या आवाजाने पोराचं जगणं कसं बदलतं, एवढीच गोष्ट. तिथे आवाजच गोष्ट सांगतो. या फिल्म मोठ्या ठरल्या त्या पैशाच्या जोरावर नाही. त्या करणाऱ्यांनी काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे नीट ठरवलं होतं.

पैसा नसणाऱ्याला काय माफ करायचं आणि काय नाही, हे तुला वेगळं काढता यायला हवं. रात्रीच्या दृश्यात चित्राला दाणे आले, माफ. क्रेन नव्हती, माफ. पण वाऱ्याने संवाद फाटले, ते का माफ? माइक माणसाजवळ न्यायला पैसे पडत नाहीत. खोलीतला पंखा बंद करायला पैसे पडत नाहीत. पहिला टेक चुकला तर दुसरा घ्यायला मोबाइलवर रीळसुद्धा जळत नाही. 'बाबा, तुम्ही दारू पिता म्हणून आपलं घर उद्ध्वस्त झालं' हे वाक्य कापायला तर काहीच लागत नाही, बाटली आणि रिकामा डबा दोन्ही दिसले आहेत की आधीच. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश कशासाठी? ज्याला फिल्ममधून सांगता आलं नाही, तो पाटी लावतो. आणि सुरुवातीला दीड मिनिट 'विशेष आभार'. कान महोत्सवात लघुपटाला श्रेयनामावलीसकट पंधरा मिनिटं मिळतात. आपल्याकडे तेवढी मान्यवरांतच जातील. हे त्याला कोणी सांगायचं?

हे सांगणं म्हणजे दया नसणं, असं समजू नकोस. 'नवीन आहे, चालायचंच' म्हणणं हा त्याचा अपमान आहे. तू त्याला मनातल्या मनात छोटा ठरवून टाकलंस, त्याच्याकडून काही चांगलं होणार नाही हे गृहीत धरलंस आणि वर त्याला सांभाळून घेतल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतलंस.

आता मावळाबद्दल बोलू, कारण तिथे तू सगळ्यांत जास्त पाट्या टाकतोस. त्या फिल्ममध्ये लोहगड ड्रोनमधून किती वेळा दिसला? विंचूकाटा वरून दिसला की तू शिट्टी मारलीस. तो शॉट त्या गोष्टीत कशाला होता, हे विचारलंस का? गोष्ट कामशेतच्या एका खोलीत घडते. पवनेचं पाणी, ढग, हिरवी डोंगरधार हे सगळं पर्यटकांच्या मोबाइलमध्ये रोज निघतं. त्यासाठी मावळात जन्म घ्यावा लागत नाही. मावळात जन्मलेल्याला जे दिसतं ते पडद्यावर आलं का, हा तुझा प्रश्न हवा होता. भातलावणीत दिवसभर वाकून बाईची कंबर कशी धरते, ते आलं का? जमीन विकून आलेल्या पैशाची गाडी दारात उभी आणि त्याच जमिनीवरच्या बंगल्यात बाप रखवालदार, ते आलं का? व्हॅलेंटाइनसाठी हरितगृहात रातोरात गुलाब बांधणाऱ्या पोरी आल्या का? 9 ऑगस्ट 2011 ला पवना जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्या दिवशी लहान असलेली पोरं आज कॅमेरा हातात घेण्याच्या वयाची आहेत. त्यांना तो दिवस कसा आठवतो, हे कोणी विचारलं? तू विचारायला हवं होतंस. फिल्म करणाऱ्याला त्याच्याच अंगणातली गोष्ट दिसत नसेल, तर ती दाखवणं हे परीक्षकाचं काम आहे. दिग्दर्शक आपल्या ड्रोनवर खूश असतो. त्याचा ड्रोन खाली उतरवायची जबाबदारी तुझी.

आणि खरं बोल म्हटलं की तुझ्यासारखे दुसऱ्या टोकाला पळतात, तेही माहीत आहे मला. मग सुरू होते टवाळी. 'याच्यापेक्षा लग्नाची कॅसेट बरी.' लोक हसतात, तुझी छाती फुगते. यात कष्ट कुठे आहेत? 'एक नंबर' म्हणायलाही फिल्म बघावी लागत नाही आणि 'भंगार' म्हणायलाही नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच आळस. टवाळी म्हणजे धीटपणा, असा भ्रम करून घेऊ नकोस. चौघांत हसणं सोपं. एकट्याला समोर बसवून 'तुझा मधला भाग मला समजला नाही, तू काय करायला गेला होतास?' हे विचारायला छाती लागते.

आपल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी तांदूळ आला. त्याचा वास दरवळला की तू कॉलर ताठ करतोस. ते वाण कसं तयार झालं? आंबेमोहोर आणि आयआर 8 यांचा संकर केला, पिढ्यामागून पिढ्या रोपं लावली, उंची मोजली, दाणा मोजला, शिजवून बघितला, कमअस्सल ते बाजूला काढलं. प्रत्येक रोपाला 'छान आलंय' म्हणत बसले असते, तर आज तुझ्या ताटात काय असतं? कोणी रोपाशी वैर म्हणून ते काढलं नाही, आणि रोप लहान आहे म्हणून मोजायचं सोडलंही नाही. फिल्मकडेही तसंच बघायचं. वही काढायची आणि मोजायला बसायचं.

कसं, ते आता सांगतो. पुन्हा 'माहीत नव्हतं' ही सबब नको.

फिल्म दोनदा बघ. पंधरा मिनिटांची फिल्म दोनदा बघायला अर्धा तास लागतो, तेवढा तू रील सरकवण्यात सकाळी उठायच्या आधीच घालवतोस. पहिल्यांदा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सलग बघ. दुसऱ्यांदा थांबत थांबत. एखादं दृश्य आवाज बंद करून बघ, चित्र एकटं किती बोलतं ते कळेल. तेच दृश्य डोळे मिटून ऐक, आवाज किती खोटा आहे ते कळेल. वेळ लिहून ठेव. 'मधे कंटाळा आला' याचा कोणाला उपयोग नाही. 'सहाव्या मिनिटाला तो विहिरीकडे चालत जातो, तिथे माझं लक्ष सुटलं, कारण तो कुठे चाललाय हे मला आधीच कळलं होतं' याचा उपयोग आहे. त्यावर तो संकलनाला बसू शकतो.

आधी काय दिसलं ते सांग, मग कसं वाटलं ते. गोष्ट पुन्हा सांगत बसू नकोस, ती त्यानेच लिहिलीय. त्याला काय करायचं होतं, ते विचार. त्याच्या मनातली फिल्म आणि पडद्यावरची फिल्म यांतलं अंतर मोज. तुझ्या मनातली फिल्म त्याच्यावर लादू नकोस. जे जमलंय ते नेमकं सांग. आजीचा हात भाकरीवर थबकतो, तो क्षण खरंच चांगला होता. कुठला शॉट, का चांगला, ते त्याला सांगितलंस? नाही. तुझ्या 'एक नंबर'मध्ये तोही वाहून गेला. त्या पोराला अजून माहीत नाही की त्याच्या अख्ख्या फिल्ममधला सगळ्यांत भारी क्षण तो आहे. खोट्या स्तुतीने खरी स्तुतीसुद्धा बुडते, हे समजतंय का तुला?

दोषांची मात्र यादी वाचू नकोस. सगळ्यांत मोठा दोष एक निवड आणि त्याच्या मुळापर्यंत जा. आणि हे आधी त्याला सांग, एकट्याला, समोर बसून. चारचौघांत किंवा लिहून त्यानंतर. कॅमेरा कोणता आणि खर्च किती, हे प्रश्न सगळ्यांत शेवटी विचार. किंवा विचारूच नकोस.

यातलं एकही काम तुझ्या आवाक्याबाहेरचं आहे का? एकही? म्हणून तर माझा जीव तुटतो. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी मी घसा कोरडा करत नाही. तुझी नजर चांगली आहे. मी ती तयार होताना बघितलीय. ती तू टपरीवर उधळतोस आणि जिथे तिची गरज आहे तिथे डोळे मिटतोस.

मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतले समीक्षक वडगावच्या पोराची फिल्म बघायला येणार नाहीत. त्यांच्याकडे दर शुक्रवारचे चित्रपट आहेत. ओटीटीवाले येणार नाहीत. महोत्सववाले कारण कळवणार नाहीत. या तालुक्यात जी पोरं पदरचे पैसे घालून, नोकरीच्या सुट्ट्या जाळून फिल्म करतात, त्यांची फिल्म नीट बघणारा कोणी असेल तर तो तूच. तू नाही बघितलीस, तर ती कोणीच बघितली नाही.

तेव्हा आता एक कर. त्या पोराला आज फोन लाव. फिल्मची लिंक माग. 'त्या दिवशी मी नीट बघितली नव्हती' हे त्याला स्पष्ट सांग. लाज वाटेल. वाटू दे. दोनदा बघ, एक पान लिही, त्याच्याकडे जाऊन समोर वाचून दाखव. तो रागावला तर रागावू दे. दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी सहाव्या मिनिटाबद्दल विचारायला स्वतः येईल. मग ते पान माझ्याकडे घेऊन ये. त्यात 'एक नंबर', 'अप्रतिम', 'भन्नाट' यांतला एक जरी शब्द सापडला, तर मी ते वाचायच्या आधीच परत करीन आणि तुला पुन्हा पहिल्या मिनिटापासून बघायला बसवीन.